बोगद्यात उभं राहायला जागा

त्यांना अख्खी गल्ली बत्तिशी म्हणते. तोंडावर बत्तिशीकाका, पाठ फिरली की नुसतं बत्तिशी. धंदा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, हे त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करतात, जबड्यावर मेण, मेणात एकेक दात, आणि मग इतके दिवस पाव चहात बुडवून खाणारा माणूस एके दिवशी भर रस्त्यात सफरचंद चावत जाताना दिसतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण यांचं आयुष्यभर दुसऱ्यांचे दात कोरूनच भरलं, आणि बरं भरलं. त्यांच्या स्वतःच्या पुढच्या दातांत मात्र एक खिडकी आहे. तिथला दात कधीचा पडला, पण तो बसवायला यांना अजून सवड झालेली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात असू दे, वारा खेळता राहिला की डोकं थंड राहतं.

त्यांच्या कामाचा नियम एकच, फट राहता कामा नये. कवळी टाळूला अशी चिकटली पाहिजे की मधून केस जाणार नाही. फट राहिली की कवळी हलते, हलली की टोचते, टोचली की माणूस ती काढून पेल्यात ठेवतो आणि घरातल्या सगळ्या फोटोंत तोंड मिटून उभा राहतो. बत्तिशींच्या हातच्या कवळीनं असा दगा कुणाला दिला नाही. गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई एकदा त्यांची कवळी घालून एवढी मोठी शिंकल्या की समोरच्याची टोपी उडाली, पण कवळी जागची हलली नाही. हे बाई स्वतःच सांगतात, आणि दर वेळी ती टोपी थोडी आणखी लांब जाऊन पडते.

तर असा हा चोख माणूस. पण त्यांच्या घरात खाली कामाची खोली, मधे संसार, आणि सगळ्यात वर उतरत्या छपराची एक खोली आहे. तिथे त्यांचा चोखपणा विरघळतो. तिथे गाडी आहे.

खेळण्यातली गाडी म्हणू नका, त्यांना लागतं. खोलीभर पसरलेलं लाकडी टेबल आहे, त्यावर डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी एक एवढंसं स्टेशन, पाण्याची टाकी, दोन खोल्यांचं क्वार्टर, क्वार्टरच्या दाराशी वाळत घातलेले कपडे. ते कपडे काकूंनी जुन्या रुमालाचे कापून दिलेत, आणि त्यातला एक सदरा उसवलेलासुद्धा आहे. झाडं म्हणजे वाळक्या फुलांचे देठ, हिरव्या रंगात बुडवलेले. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू. आणि डोंगर? डोंगर जबड्यांचे आहेत. काम झालं की प्लास्टरचा साचा फेकून द्यायचा असतो, पण यांच्या हातून तो फेकवत नाही. एवढं निरखून केलेलं एखाद्याचं तोंड कचऱ्यात कसं टाकायचं? म्हणून जबड्यावर जबडा रचून, वर प्लास्टरनं लिंपून, माती आणि गवत चिकटवून यांनी अख्खी डोंगररांग उभी केली. गल्लीतल्या प्लंबरची खालची दाढ दरीत आहे. सगळ्यात उंच शिखर मुख्याध्यापिकाबाईंचं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्चीवर चढून स्वतःला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, मला वाटलंच होतं.

रविवारी दुपारी वरच्या जिन्यावर चपलांची रांग लागते, छोट्या आणि मोठ्या. मुलं आली की प्रश्नांची सरबत्ती. वीज कुठून येते, माणसं उतरत का नाहीत, धूर का नाही? मोठी माणसं काही विचारत नाहीत. ती टेबलावर कोपर टेकून, डोळे रुळांच्या उंचीला आणून बघत बसतात. प्लंबरचा चहा दर रविवारी गार होतो. परीक्षेत नापास झालेला, घरात भांडून आलेला, नुसताच कंटाळलेला, कुणीही असो, गाडी दोन-तीन फेऱ्या मारेपर्यंत त्याचा चेहरा सैल पडतो. पडदे ओढलेले असतात, स्टेशनात मोहरीएवढे दिवे लागलेले असतात, चाकांची टकटक चालू असते, आणि खोलीत असं काहीतरी पसरतं की जोरात बोलायची कुणाची हिंमत होत नाही. काकू तेवढ्या बोलतात. त्या म्हणतात, या घरात मुंगीएवढ्या माणसांना बसायला बाक आहे, मला मात्र पाय ठेवायला जागा नाही.

हे स्टेशन मनचं नाही बरं का. बत्तिशी लहान असताना डोंगरातल्या अशाच एका आडबाजूच्या स्टेशनावर राहायचे. वडील रूळ तपासायचे. हातात हातोडा आणि कंदील घेऊन रोज लाइनीवरून चालत जायचं, कुठे खिळा सैल नाही ना बघायचं, बोगद्यातूनही जायचं, आणि परत यायचं. घरात आईवडील, मोठी ताई आणि हा शेंडेफळ. तिथलं त्याचं सगळ्यात लाडकं म्हणजे संध्याकाळची गाडी. गाडी बोगद्यात शिरली की ताई आणि तो फलाटावर श्वास रोखून उभे राहायचे, नाक चिमटीत धरून. गाडी दुसऱ्या तोंडातून बाहेर आली की सोडायचा. तो नेहमी आधीच सोडायचा आणि हसत सुटायचा. ताई कधी हरली नाही.

पुढे ती लाइन बंद पडली. रूळ उचलले गेले. डोंगर दगडासाठी फोडत फोडत सपाट झाला. घरात फोटो काढायची ऐपत नव्हती, त्यामुळे कागदावरही काही उरलं नाही. आईवडील गेले. आता ते स्टेशन या पृथ्वीवर दोनच ठिकाणी शिल्लक होतं, बत्तिशींच्या डोक्यात आणि ताईंच्या. आणि ताई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. लग्न होऊन लांबच्या शहरात गेल्या, फोनवर भरपूर बोलत, भावाची टिंगल करत, पण हा स्टेशनाकडे वळला की म्हणत, "सोड रे ते. काय होतं तिथे?" आणि विषय भाजीवर.

एका रविवारी मुख्याध्यापिकाबाई सहज बोलून गेल्या की लहानपणच्या आठवणी म्हणजे निम्मं घडलेलं आणि निम्मं मनानं भरलेलं. बाईंना आपलं बोलायला विषय झाला, पण बत्तिशींच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून हा माणूस गाडी चालवताना मधेच थांबायला लागला. ही टाकी खरंच इथे होती? बोगदा डावीकडेच वळायचा? की हे सगळं आपणच प्लास्टरसारखं ओतलं आणि वाळल्यावर खरं मानलं?

अशात ताईंचा फोन आला. त्या परदेशात मुलाकडे राहायला चालल्या होत्या, कायमच्या. घर आवरून झालं होतं. जायच्या आधी एक दुपार भावाकडे येऊन जाईन, म्हणाल्या. त्यांच्या वयात असं जाणं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही सामानाच्या वजनाबद्दल बोलले.

बत्तिशी फोन ठेवून जिन्यातच बसले. काकूंना म्हणाले, "तिनं एकदा बघून म्हणावं, हो, असंच होतं. मग झालं."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

यावर ते उठले आणि तडक वर गेले.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. डॉक्टरांची कामं तटली. कुठलीशी आजी आठवडाभर पेज-सूपावर राहिली ती यांच्या पायी. यांनी स्टेशनाची कौलं पुन्हा रंगवली, बाकावरची धूळ दात घासायच्या ब्रशानं झाडली. बोगद्याचं तर नव्यानंच केलं. आत खडबडीत होता, तो यांना एकाएकी खपेना. अगदी बारीक प्लास्टर कालवून त्यांनी बोगद्याला आतून अस्तर दिलं, टाळूला देतात तसं, इंजिनाच्या मापानं, बेताबेतानं, आणि घासून असा गुळगुळीत केला की बोट फिरवलं तर घसरावं. इंजिन आतून घालून बघितलं. हातमोज्यात हात जावा तसं गेलं. फट म्हणून नाही.

शिवाय एक नवा डबा. संध्याकाळच्या गाडीला एक लांबलचक तपकिरी डबा असायचा, पिवळट खिडक्यांचा, तो त्यांनी स्वतः बनवला आणि खिडक्यांतले पडदे काकूंनी लावले. त्याचा रंग ताई यायच्या दिवशी सकाळी कुठे वाळला. काकू म्हणाल्या, अहो, एकदा जोडून चालवून तरी बघा. तर हे म्हणाले, माझं माप कधी चुकलंय? काकूंनी त्यांच्या दातांतल्या खिडकीकडे बघितलं आणि केकच्या तयारीला लागल्या. शहाणी बाई.

ताई आल्या त्या टॅक्सीतून उतरतानाच बोलत. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. भावाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, छोट्या, अजून दात बसवला नाहीस, मग मी काय भरवशावर परदेशात जाऊ? चहा झाला, काकूंनी केलेला केक झाला, दोघींनी मिळून त्यांची यथेच्छ हजेरी घेतली. पाण्याच्या टाकीत सापडलेलं पोर म्हणून ताई लहानपणी त्याला रडवायच्या, तेही काकूंना सांगून झालं. आणि मग हाताला धरून, पायरी पायरी चढवत, बत्तिशींनी ताईंना वर नेलं.

ताईंना खुर्चीवर बसवलं आणि हे बाजूला उभे राहिले, डॉक्टरच्या खुर्चीत पेशंट बसतो तसे, हात आवळून. ताई बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, लावला.

मग ताई म्हणाल्या की टाकी पलीकडे होती.

बत्तिशींच्या पायाखालचं लाकूड सरकलं. ताईंनी मान वाकडी केली, दोन क्षण विचार केला, खुर्ची सरकवून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली, आणि म्हणाल्या, नाही रे, बरोबर आहे, मी उलटीकडून बघत होते. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना एकाच वेळी हसू आलं आणि नणंदेला चिमटा काढावासा वाटला.

पडदे ओढले. मोहरीचे दिवे लागले. दुपारची संध्याकाळ झाली. बत्तिशींनी वीज सोडायच्या पेटीवरचं गोल बटण हळूच फिरवलं, आणि इंजिन हललं. मागे साधे डबे, आणि शेवटी तो लांब तपकिरी डबा, पडदे लावलेला. टाकीजवळून, क्वार्टरच्या मागून, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारून गाडी आपल्या चालीनं गेली. ताईंचा हात नकळत पुढे आला आणि त्या उसवलेल्या सदऱ्यापाशी थांबला. गाडी वळली. बोगद्यात शिरली.

बत्तिशींनी नाक चिमटीत धरलं. साठी ओलांडलेला माणूस, गाल फुगवून उभा. हसऱ्या डोळ्यांनी त्यांनी ताईंकडे बघितलं, की आता ताईंचाही हात नाकाशी जाईल.

ताईंनी श्वास रोखला होता खरा. पण नाक धरलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट पकडली होती आणि त्या बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे असं बघत होत्या की तिथे खेळाचं नाव नव्हतं.

आणि गाडी बाहेर आलीच नाही.

आधी आतून घरघर आली, मग बारीक गुणगुण, मग तीही थांबली. बत्तिशी लालबुंद होईपर्यंत नाक धरून वाट बघत राहिले. शेवटी काकूंनीच पुढे होऊन बटण बंद केलं आणि नवऱ्याचा हात नाकावरून काढला.

झालं होतं ते साधं होतं. छोटं इंजिन वळणावर वळतं तेव्हा सहज निघून जातं. लांब डब्याचं तसं नसतं, वळताना त्याचे कोपरे बाहेर झुकतात आणि मधलं पोट आत येतं, त्याला दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा लागते. गाड्यांचा नाद असलेल्या कुठल्याही शाळकरी पोरानं हे सांगितलं असतं. पण आयुष्यभर फट बुजवत आलेल्या माणसाला वाटलं, घट्ट बसतं तेच चांगलं.

बत्तिशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही नाही, काही नाही, असं पुटपुटत ते खाली धावले आणि तोंडात घालून बघायचा लांब दांडीचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आले. टेबलाखालून मान घालून, बोगद्याच्या तोंडात आरसा सरकवून बघू लागले. काकू म्हणाल्या, डोंगराला आ करायला सांगा. कुणी हसलं नाही. ताई मात्र काठी टेकून उठल्या आणि म्हणाल्या, सरक, मला बघू दे.

त्या वाकल्या. एक डोळा मिटून आरशात बघितलं. आत टॉर्चचा उजेड, गुळगुळीत पांढऱ्या भिंती, भिंतीत रुतलेला डब्याचा कोपरा, आणि लांब पलीकडे वाटाण्याएवढं दुसरं तोंड. मग वर न बघताच बोलल्या.

"छोट्या, ह्यात बाबा कुठे उभे राहायचे?"

बत्तिशींना कळलं नाही. त्यांनी फलाटाकडे बोट दाखवलं. तिथे बाकाशेजारी, कंदील घेतलेला, नखाएवढा माणूस उभा होता.

"तिथे नाही. आत," ताई म्हणाल्या. "गाडी आली की."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि हळूहळू सांगू लागल्या. बोगद्याच्या भिंतीत कोनाडे होते, माणूस उभा राहील एवढे. गाडी आली की रूळ तपासणाऱ्यानं पळत जाऊन त्यात उभं राहायचं. बाबांना संध्याकाळच्या गाडीच्या आधी परतता येत नसे. ते बहुतेक वेळा आतच असायचे. ताईला हे ठाऊक होतं, कारण आईनं दिलेला जेवणाचा डबा घेऊन ती बोगद्यात जायची. छोट्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो एवढासा होता.

बत्तिशींच्या तोंडून कसंबसं आलं, "पण आपण खेळायचो ना, श्वास धरून."

"तू खेळायचास. मी बाबांची वाट बघायचे." ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बाजूला उभा राहून नाक धरायचास आणि खदाखदा हसायचास. तू हसलास की मला वाटायचं, आज काही होणार नाही. म्हणून तुला कधी सांगितलं नाही."

एवढी वर्षं सोड रे ते, सोड रे ते म्हणत होत्या, ते हे.

कुणाला वाटेल बत्तिशी खचले असतील. माणसाचा सगळ्यात लाडका खेळ दुसऱ्याची भीती निघावी, हे काही हलकं नाही. पण मग त्यांनी ताईंना विचारलं ते वेगळंच. कोनाडा कुठे होता? वळणाच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या?

"आतल्या," ताई म्हणाल्या. आणि मग ज्या सुटल्या त्या सुटल्याच. खांद्याशी एक दगड पुढे आलेला होता, बाबा त्यावर डबा ठेवायचे. भिंत कायम ओली असायची, काजळी हाताला लागायची. एकदा ती आत असतानाच गाडी आली. बाबांनी तिला कोनाड्यात ओढलं, तिचं तोंड स्वतःच्या कोटात दाबून धरलं. सगळं जग गडगडत अंगावरून गेलं. मग एकदम शांत. बाबा म्हणाले, गेली बघ. नेहमी जाते.

बत्तिशींनी साचे कापायची करवत आणली. काकूंनी ताईंना स्वतःचा एप्रन बांधला आणि टेबलावर जुनी चादर अंथरली. मग त्या माणसानं आपला डोंगर कापला. मुख्याध्यापिकाबाईंचं शिखर पहिल्यांदा खाली आलं, मग दोन-तीन अनोळखी जबडे, मग ते गुळगुळीत अस्तर, ज्याच्यापायी आजी सूपावर राहिली होती. पांढरी धूळ सगळीकडे तरंगत होती, पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात ती सावकाश खाली येत होती, स्टेशनावर, टाकीवर, ताईंच्या पापण्यांवर. करवत यांच्या हातात, पण सांगणं ताईंचं. इथे रुंद कर. अजून. तुला काय वाटलं, बाबा काय कागदाचे होते? दाताला भोक पाडायच्या बारीक यंत्रानं यांनी आतल्या भिंतीत कोनाडा कोरला, खांद्याशी तो दगडही ठेवला. काजळी म्हणून काकूंनी काजळाची डबी आणून दिली आणि ताईंनी बोटानं ती भिंतीला फासली.

फलाटावरचा माणूस बत्तिशींनी चिमट्यानं उचलला आणि कोनाड्यात उभा केला. कंदिलासकट. बसला आणि वर थोडी जागाही उरली.

डोंगराची एक बाजू आता सताड उघडी होती. कशी तर कवळी काढल्यावर तोंड दिसतं तशी. कुणी ती झाकायचं नाव काढलं नाही. गाडी पुन्हा जोडली, तपकिरी डबा शेवटी. बत्तिशींनी बटणावर हात ठेवला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ताईंचा हात उचलून बटणावर ठेवला.

ताईंनी गाडी फार हळू सोडली. टाकी, क्वार्टर, सदरा, वळण. गाडी बोगद्यात शिरली आणि आता ती आत जाताना दिसत होती. दोघांनीही श्वास धरला. या खेपेला नाकं कुणीच धरली नाहीत. एकेक डबा कोनाड्यावरून सरकत गेला, मधल्या मधल्या फटींतून कंदीलवाला दिसायचा, झाकायचा, पुन्हा दिसायचा. शेवटी लांब डबा आला, वळणावर त्याचं पोट आत झुकलं, माणसाच्या टोपीजवळून गेलं, आणि डबा पुढे निघाला. गाडी दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. कोनाड्यात माणूस तसाच उभा.

या वेळी ताईंनी आधी श्वास सोडला. आयुष्यात पहिल्यांदा हरल्या. मग म्हणाल्या, "हो रे. असंच होतं."

संध्याकाळी टॅक्सी आली तेव्हा त्यांच्या केसांत प्लास्टर होतं की ते केसच होते, काही कळायला मार्ग नव्हता. जाताना त्यांनी खिडकीतून हात काढून भावाच्या गालावर चापट मारली, दात बसवून घे म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या रविवारी मुख्याध्यापिकाबाई आल्या, आपलं शिखर शोधू लागल्या. त्यांना सांगितलं की त्यांच्यामुळे वाट अडत होती. यावर त्या पुन्हा खुर्चीवर चढल्या आणि आपली रिकामी जागा नीट पाहून घेतली. मुलांना उघडा बोगदा भलताच आवडला, आणि प्लंबरचा चहा नेहमीसारखा गार झाला.

ताई परदेशातून फोन करतात. तिकडे सकाळ असते, इकडे दिवे लागलेले असतात. हवापाणी झालं, सुनेची तक्रार झाली, दात बसवला का हे विचारून झालं (नाही बसवला), की फोन ठेवायच्या आधी त्या हमखास विचारतात, गाडी गेली का संध्याकाळची?

आणि बत्तिशी, बोट त्या गोल बटणावर ठेवून, दातांतल्या खिडकीतून हसत सांगतात, "गेली. नेहमी जाते."